खटकाआजोबांचं जहाज

पुणे जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांनी आयुष्यात कधी मान्य केलेली नाही. मुळशीच्या डोंगरात, तिन्ही बाजूंनी भातखाचरं असलेल्या घरात हा माणूस असा राहतो, की जणू कोणत्याही क्षणी पश्चिमेकडून एक प्रचंड लाट येईल, घर आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलेल, आणि तेव्हा कपातला चहा सांडला तर तो त्यांचा वैयक्तिक पराभव ठरेल. तुम्ही दोघं नातवंडं मागच्या खेपेला माझ्याकडे आलात तेव्हा त्यांना ‘खटकाआजोबा’ म्हणायला लागलात, कारण त्यांच्या घरात काहीही उघडायचं तर आधी कुठला तरी खटका दाबावा लागतो. ते नाव इतकं चपखल बसलं, की आता आमच्या गल्लीचा वॉचमनही तेच म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्यांना काय म्हणावं हे अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, की खटकाआजोबा नक्की करतात तरी काय? फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे क्रमाने लिहून सांगते. नौदलाच्या जहाजाच्या पोटात एक खोली असते. तिला खिडकी नसते. तिथे माणसं ओळीने पडद्यांसमोर बसतात आणि समुद्रावर, आकाशात, पाण्याखाली काय चाललंय ते त्या पडद्यांवर बघतात. तो पडदा, त्याखालची बटणं, तळहाताखाली फिरणारा एक चेंडू आणि आतला संगणक हे सगळं ज्यात बसवलेलं असतं, ते टेबल आणि कपाट यांच्यामधलं धातूचं भक्कम प्रकरण म्हणजे कन्सोल. खारट हवा, सततचे हादरे, तोफेचे दणके आणि दमलेल्या माणसाची कोपरं हे सगळं त्याने मुकाट्याने सोसायचं असतं. बरं, भर समुद्रात आतलं काही बिघडलं तर सगळं उचकटत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून तो वेगवेगळ्या कप्प्यांचा करतात. खटका दाबला की बिघडलेला कप्पा बाहेर, चांगला कप्पा आत, आणि काम पुढे चालू. तर असे कन्सोल खटकाआजोबा पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये बनवतात. शेडच्या डावीकडे फरसाणाचा कारखाना आहे आणि उजवीकडे प्लॅस्टिकच्या बादल्यांचा.

आणि हा माणूस जन्मात कधी जहाजावर गेलेला नाही. जाऊच शकत नाही. एकदा आम्ही सगळे लवासाला गेलो होतो. तिथल्या तळ्यात फिरायला एक छोटी बोट होती. भाऊ मोठ्या ऐटीत बसले, बोटीच्या कठड्यावरून तज्ज्ञासारखा हात फिरवला, ‘वेल्डिंग बरं आहे’ म्हणाले आणि बोट लागून पांढरेफटक पडले. बोटीचा दोर अजून सोडलासुद्धा नव्हता. त्यांना उतरवून काठावर बसवलं, लिंबू हुंगायला दिलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “नौदलाने ह्यांचं टेबल घेतलं, ह्यांना घेतलं नाही, देशाचं नशीब.”

त्यांच्या घरात पाहुण्यांची पहिली फजिती खुर्चीपाशी होते. बसायच्या आधी आपण सवयीने खुर्ची मागे ओढतो. ती येत नाही. आपण जरा जोर लावतो. तरी येत नाही, कारण ती बोल्ट लावून फरशीला पक्की केलेली असते. मग आपण ओशाळून कडेकडेने आत शिरतो. फळ्यांना पुढून बोटभर उंच काठ, म्हणून कप घसरत नाहीत. घड्याळ चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळलेलं, म्हणून सेल बदलायला सुतारकाम करावं लागतं. पेन, चष्मा, टीव्हीचा रिमोट, सगळं दोरीने बांधलेलं. “ताई, हातातून सुटलेली वस्तू गेली म्हणून समजा,” असं ते म्हणतात. कुठे गेली? समुद्रात! देवघरातल्या देवांनाही त्यांनी रबरी पट्टे लावले होते. मग मात्र वहिनींनी स्वयंपाक बंद केला. “नैवेद्य दाखवायला आधी देवाला सोडवायचं, हे मी करणार नाही,” असं त्यांनी बजावलं, आणि देव मोकळे झाले.

टेबलांच्या कोपऱ्यांशी तर त्यांचं जुनं वैर आहे. कुठेही गेले तरी आधी टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात घासून बघतात. पौडला एका लग्नात वरपक्षाची मंडळी जेवायला बसत होती आणि हे केटररला बाजूला घेऊन सांगत होते, “माणूस कोपऱ्यावर पडतोच. प्रश्न फक्त कधी, एवढाच.” केटररला वाटलं हे दारूबद्दल बोलताहेत. तो म्हणाला, “आपल्याकडे तसली मंडळी न्हाईत, साहेब.”

त्यांचं एक आवडतं तत्त्व आहे: वापरणाऱ्याला समजावून सांगावं लागलं, की डिझाइन फसलं. हे तत्त्व ते समोरच्याला तासभर समजावून सांगतात. बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि गेल्या वर्षी नवी कवळी बसवल्यापासून तर बोलण्याला टाळ्यांची साथ मिळाल्यासारखी झाली. ती कवळी नीट बसत नव्हती. डॉक्टरांनी दुरुस्त करून देतो म्हटलं, पण भाऊंनी उलट त्यांनाच कवळी कशी बसवायला हवी याची आकृती काढून दिली, आणि तिथेच गोष्ट अडली.

आता यात माझा संबंध कुठे आला ते सांगते. आजवर भाऊंनी दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून कन्सोल बनवले. पण ह्या खेपेचा, शेंड्यापासून बुडापर्यंत, त्यांचा स्वतःचा होता. निवृत्तीचं वय कधीच उलटलेलं. ह्या एका नमुन्यासाठीच ते थांबलेले. मालकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, “साहेब, नौदलाच्या लोकांनी नमुना बघून मान हलवली तर पुढे जाऊ. नाही हलवली, तर हे काम बंद. आपण लिफ्टच्या पेट्या करू.” त्यानंतर भाऊंसमोर कुणी ‘लिफ्ट’ म्हटलं तरी त्यांचा चेहरा पडायचा.

म्हणून त्यांनी आख्ख्या गल्लीची प्रयोगशाळा केली, आणि त्यात माझं स्वयंपाकघर पहिलं सापडलं. त्यांनी मला सगळे कप्पे एकाच मापाचे करून दिले, कुठलाही कुठेही बसेल असे. तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडे साखरेची जागा ठरलेली असते आणि ती माझ्या लग्नापासून बदललेली नाही. एके सकाळी भाऊ आले, माझी पाठ वळल्याबरोबर दोन कप्प्यांची अदलाबदल केली आणि बघत बसले. मी नेहमीच्या जागी हात घातला, न बघता चहात दोन चमचे टाकले, ढवळलं, तर चहा दाटायला लागला. तो रवा होता. मी चिडले. भाऊ मात्र पातेल्यात डोकावून आनंदाने ओरडले, “बरोबर! कप्पा चुकीच्या जागी बसतोय, ही चूक तुमची नाही, माझी आहे!” दुसऱ्या दिवशी प्रत्येक कप्प्यामागे त्यांनी एक पितळी खुंटी बसवली. आता माझा साखरेचा कप्पा रव्याच्या जागी शिरतच नाही. नौदलाचाही शिरत नाही. रव्याचा चहा मात्र त्यांनी सगळा पिऊन टाकला, म्हणाले, “पौष्टिक आहे.”

मग आली झोपाळ्याची पाळी. व्हरांड्यातला आपला झोपाळा, ज्याच्यावरून तुम्ही दोघं भांडायचात, त्याच्यासमोर त्यांनी कन्सोलची दर्शनी बाजू उभी केली. मी झोपाळ्यावर बसायचं, त्यांनी झोका द्यायचा, आणि ते ‘लाल!’ म्हणाले की मी लाल बटण दाबायचं. स्वतः का बसत नाहीत, हे विचारायची गरज नव्हती. लवासा मला आठवत होतं. पहिल्या झोक्याला मी हिरवं दाबलं, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला घाबरून कन्सोलची कडाच धरली. “थांबा! हात तिथेच ठेवा!” असं ओरडून त्यांनी माझ्या पंजाभोवती खडूने रेघ मारली. आज तिथे एक गोल कठडा आहे. जहाज हेलकावलं की नौसैनिक तो धरतात आणि दुसऱ्या हाताने बटण दाबतात. खटक्याचंही तसंच. त्यांचा आधीचा खटका शेडमधल्या दणकट कामगारांना सहज उघडायचा, माझ्या संधिवाताच्या अंगठ्याला नाही. कणीक लागलेल्या हातांनी, भांडी घासायचे रबरी मोजे घालून, कोठीच्या खोलीत दार लावून अंधारात, असं सगळं करून बघितलं. माझा अंगठा शेवटी जिंकला. तो खटका आता आजीच्या अंगठ्याने उघडतो.

राहिले हादरे. हादरे द्यायचं मोठं यंत्र शहरात असतं आणि तिथे नंबर लावावा लागतो. तोवर भाऊंचा भरवसा आपल्या रस्त्यावर होता. गावातून मुख्य रस्त्याला जाणारा आपला रस्ता तुमच्या बाबाने शिव्या दिल्याशिवाय कधी पार केलेला नाही. भाऊंना मात्र त्यातला प्रत्येक खड्डा नावाने ठाऊक होता. शाळेपाशी बारीक लाटा, पुलावर इंजिनाची थरथर, आणि देवळापुढचा तो मोठा खड्डा म्हणजे तोफ. कन्सोल टेम्पोत बांधून तोफेवरून न्यायचा, हे ठरलेलं. आणि नेमकं तेव्हाच गावाने रस्ता डांबरी करायला घेतला.

भाऊ तडक सरपंचबाईंकडे गेले. साक्षीदार म्हणून मला नेलं. सरपंचबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊंचं म्हणणं ऐकून त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“काका, लोकं रस्ता करा म्हून माज्या दारात ठाण मांडून बसत्यात. आन् तुमी पयलं मानूस, जे नगं म्हून आलाय.”

“नको म्हणत नाही हो. फक्त देवळापुढचा तेवढा खड्डा राहू द्या.”

“देवळापुढचाच? आन् देवाची पालखी कुटून न्यायची, तुमच्या डोक्यावरनं?”

“मग थोडे दिवस थांबा.”

“रोलर भाड्यानं हाय. त्यो काय तुमच्या मशिनीसाटी थांबतुया व्हय?”

भाऊंनी खाली बसून सांगायला सुरुवात केली: लाटा, तोफा, खिडकी नसलेली खोली. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी त्या मशिनीम्होरं आपलीच पोरं बसनार?”

“हो. आपलीच.”

“मंग आदी सांगायचं न्हाई का? वरच्या आळीपासनं काम धरायला सांगती म्या. पर ध्यानात ठिवा, रोलर देवळापाशी आला का तुमचा समद्र बंद.”

त्या दिवसापासून गावाने अजब दृश्य पाहिलं. एक टेम्पो देवळापुढच्या खड्ड्यातून मुद्दाम, पुन्हा पुन्हा, जोरात जातोय, आणि मागे एक म्हातारा डॉक्टरांची छातीला लावायची नळी कानात घालून लोखंडी कपाटाची छाती तपासतोय. टेम्पोवाल्याला वाटायचं आत आजारी माणूस आहे. तो बिचारा खड्डा आला की वेग कमी करायचा आणि शिव्या खायचा. तोफेच्या खड्ड्यात भाऊंना आवाज आला. खटखट. बारीक, पण पक्की खटखट. त्यांनी सगळा कन्सोल उघडला, एकेक स्क्रू पुन्हा आवळला, बंद केला, पुन्हा खड्ड्यातून नेला. खटखट होतीच. पुन्हा उघडला. रबर बदललं. पुन्हा खटखट. त्यांचं जेवण तुटलं. ते घरात नळी घेऊन फिरायला लागले, कपाटं आवळायला लागले. वहिनी म्हणाल्या, “आता मीच एकटी सैल उरलेय, मलाही आवळून टाका.” पण त्या मला हळूच म्हणाल्या, “ताई, हे फसलं ना, तर हा माणूस लिफ्टच्या पेट्या करणार नाही. नुसता बसून राहील. आणि बसलेला माणूस मला सांभाळायला येत नाही.”

रोलर शाळा ओलांडून पुढे आला. भाऊ माझ्या दारात उभे राहिले. “ताई, तुम्ही इंग्रजी शिकवायचात तेव्हा शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची ना तुम्हाला? चला.” मी पदर खोचून टेम्पोत मागे चढले, ह्या वयात. एका बाजूला कन्सोल, दुसऱ्या बाजूला भाऊ, मधे मी. समोर देऊळ, देवळापलीकडे घरघरणारा रोलर. टेम्पो खड्ड्यात आपटला. मलाही आवाज आला. पण मी कन्सोलकडे बघत नव्हते, भाऊंकडे बघत होते. शेवटच्या बाकाचा अनुभव असा, की आवाज ऐकायचा नसतो, हनुवट्या बघायच्या असतात.

“भाऊ,” मी म्हटलं, “दात काढा.”

“काय?”

“दात काढा आणि मग ऐका.”

कानात नळी घातली, की तोंडातला आवाज आतून मोठा होऊन ऐकू येतो. भाऊंनी कवळी काढून रुमालात गुंडाळली. टेम्पो मागे घेतला, पुन्हा खड्ड्यात घातला. कन्सोल गप्प. एकदम गप्प. बाहेर फक्त रोलरची घरघर. भाऊ बोळक्या तोंडाने असे हसायला लागले, की टेम्पोवाला गाडी थांबवून बघायला आला, आजारी माणूस बरा झाला की काय म्हणून. थोड्याच वेळात रोलर तोफेवरून फिरला, आणि पुणे जिल्ह्यातला तेवढा समुद्र बुजला.

नौदलाचे अधिकारी यायचे त्या सकाळी वहिनींनी कुंपणावरून हाक मारली, “ताई, घात झाला! ह्यांचे दात घरी राहिले!” मन धास्तावलेलं, म्हणून भाऊ पहाटे उठून फ्रिजला नळी लावून ऐकत बसले होते. नव्या नियमाप्रमाणे दात काढून ओट्यावर ठेवले आणि तसेच कारखान्यात गेले. वहिनींचा गुडघा धरलेला. मग मीच कवळी एका स्टीलच्या डब्यात घातली (भाऊंनीच दिलेला, खटक्याचा) आणि बस पकडली. पिरंगुटच्या बाजारात बस अडकली ती अडकलीच. शेवटी उतरून चालत निघाले. कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं.

“डब्यात काय हाय, आजी?”

“दात.”

“कुनाचे?”

“तुमच्या साहेबांचे.”

त्याने पुढे काही न विचारता फाटक उघडलं.

आत पोचले तेव्हा सगळे कन्सोलभोवती उभे होते. एक वरिष्ठ अधिकारी, त्यांच्याबरोबर एक सडपातळ तरुण अधिकारी मुलगी, आणि घामाने डबडबलेले मालक. भाऊ तोंडावर रुमाल धरून कोपऱ्यात उभे होते. मालक त्यांना खुणावत होते: बोला, बोला. भाऊ नकारार्थी मान हलवत होते.

“तुमचे डिझायनर काही सांगणार नाहीत का?” वरिष्ठांनी विचारलं.

“ते... विचार करताहेत, सर,” मालक म्हणाले.

मी दाराशी उभी. डबा वर करून दाखवला. भाऊंनी पाहिलं. पण तेवढ्यात ती मुलगी कुणाची वाट न बघता कन्सोलसमोर जाऊन बसली होती. तिचा डावा हात आपोआप त्या कठड्यावर गेला, जिथे झोपाळ्यावरून माझा गेला होता, तिथेच. तिने दिवे घालवायला सांगितले. शटर खाली आलं, अंधार झाला. मग अंधारात तिचं बोट धातूवरून सरकल्याचा आवाज, आणि ‘खट’. कप्पा घसरत बाहेर आला. दुसरा कप्पा तिने मुद्दाम चुकीच्या जागी लावून बघितला असावा, कारण खुंटीने तो अडवल्याचा ठक्क आवाज मी ओळखला. तो माझ्या स्वयंपाकघरातला होता. मग योग्य जागी. ‘खट’. पडदा पुन्हा उजळला आणि त्या उजेडात तिचा चेहरा दिसला.

“हे आधी दाखवलं होतं तुला कुणी?” वरिष्ठांनी विचारलं.

“नाही, सर. हात जातोच तिथे.”

दिवे लागले. वरिष्ठांनी कन्सोलकडे बघून मान हलवली. मालकांनी कपाळ पुसलं. मी पुन्हा डबा पुढे केला. भाऊंनी हातानेच थांबवलं: राहू द्या, ताई. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचा रुमाल तोंडावरून डोळ्यांवर गेला होता.

पुढे शहरात कन्सोलच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि तो ट्रकमधून किनाऱ्याकडे गेला. कुठल्या जहाजावर बसला, ते जहाज कुठे असतं, हे भाऊंना कुणी सांगत नाही आणि ते विचारतही नाहीत. त्यांची कवळी आता नीट झाली आहे, पण ते थोडं कमी बोलतात. मी एकदा विचारलं, “काही कळलं का हो त्याचं?” तर म्हणाले, “बिघडलं की लगेच फोन येतो, ताई. फोन नाही म्हणजे छान चाललंय.” फोन मात्र दोरीने खिशाला बांधलेला असतो.

पश्चिमेचं वारं सुटलं आणि झाडं वाकायला लागली, की ते हल्ली आपल्या व्हरांड्यात येतात आणि चक्क झोपाळ्यावर बसतात. हातात लिंबू असतं. मी म्हटलं, “कशाला हा त्रास?” तर म्हणाले, “तो तिकडे हेलकावत असेल. मी इथे स्वस्थ बसणं बरं दिसत नाही.” मग मीही शेजारी बसते. तुम्ही दोघंही तिकडेच कुठे तरी आहात, समुद्रापलीकडे, आणि तुमचा फोन येऊन बरेच दिवस झालेले असतात. म्हणजे छान चाललेलं असणार. भाऊ डोळे मिटून लिंबू हुंगतात, मी पायाने हलकेच झोका देते. फार जोरात नाही.